उंच केलेल्या जीपगाडीच्या पुढील चाकांची थरथर : तिचीं कारणें व उपाय

बैलगाडीचें चाक लडबडूं लागलें म्हणजे गाडीवान बैलांस दोष देत नाहीं. तो खालीं उतरतो, चाक दोन्ही हातांनीं हालवून तुंब्याचा व आंसाचा खेळ पाहतो, धाव सैल झाली आहे कीं काय हें चांचपतो आणि मगच पुढें निघतो. हाच विवेक मोटारीच्या बाबतींत मात्र पुष्कळदां सुटतो. जीपचें स्टिअरिंग हातांत थडथडूं लागलें कीं मालक बाजारांत जातो, दुकानदार सांगेल तो महागडा भाग आणतो, मिस्त्री तो बसवितो, आणि दोन महिन्यांनीं दुखणें पुन्हां पूर्वीप्रमाणें उभें राहतें. हें टाळतां यावें, निदान मिस्त्रीपुढें गाडी उभी करण्यापूर्वीं दोष कोठें असावा याचा अदमास शेतकऱ्यास स्वतः घेतां यावा, या हेतूनें पुढील माहिती दिली आहे.

जीप व मुंबई यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेंत लष्करासाठीं १९४१ पासून मोठ्या संख्येनें तयार झालेली ही गाडी युद्ध संपतांच विलीज कंपनीनें १९४५ सालीं 'सीजे-२ए' या नांवानें, विशेषतः शेतकरी वर्ग डोळ्यांपुढें ठेवून बाजारांत आणली. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलीज जीपची जोडणी सुरू केली. ही कंपनी १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झाली. पुढें उपनगरांत कांदिवली येथें तिचा कारखाना उभा राहिला, आणि १९६३ सालीं निघालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे ट्रॅक्टरही कांदिवलीहूनच बाहेर पडूं लागले. त्यामुळें बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या भागांतील जुन्या मिस्त्रींचे हात जीपवरच बसले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

उपनगरांतील जमीनदार शेतकऱ्याची अडचणही इतरांहून वेगळी आहे. त्याचें घर बोरिवलीस किंवा मुलुंडास असतें. जमीन गोराई-मनोरीच्या बाजूस, वसई-पालघरकडे किंवा कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यांत असते. सकाळीं चिखलाची पायवाट व बांध, आणि संध्याकाळीं तीच गाडी पश्चिम द्रुतगती महामार्गावर साठ-सत्तर किलोमीटर वेगानें! शेतांत खालचा भाग घासूं नये म्हणून त्यानें गाडी उंच करून घेतलेली असते, मोठे टायर घातलेले असतात. शेतांत दहा किलोमीटर वेगानें जातांना यांतील दोष झांकून राहतात. महामार्गावरील पुलाच्या सांध्यावर चाक आपटतांच ते एकदम प्रकट होतात. तेथें मागेंपुढें ट्रक असतात, आणि गाडींत बहुधा घरचीं माणसें असतात. म्हणून हा विषय केवळ गैरसोयीचा नाहीं, जीविताचा आहे.

थरथर म्हणजे नेमकें काय

मिस्त्री लोक या दुखण्यास 'शिमी' किंवा 'वॉबलिंग' म्हणतात. पहिला शब्द अमेरिकेंतील एका अंगविक्षेपी नाचाच्या नांवावरून मोटारींच्या धंद्यांत आला. लक्षणें अशीं : ठराविक वेगाच्या आसपास, बहुधा खड्डा किंवा सांधा लागतांच, पुढील दोन्ही चाकें डावीउजवीकडे झपाट्यानें हेलकावूं लागतात, स्टिअरिंगचें चक्र हातांतून सुटूं पाहतें, आणि वेग पुष्कळ उतरेपर्यंत तें थांबत नाहीं.

प्रथम तीन निरनिराळे प्रकार वेगळे करून घ्यावे. ठराविक वेगाला बारीक थरकांप येतो, वेग वाढतांच जातो, आणि खड्ड्याची वाट पाहत नाहीं, तर दोष चाकाच्या तोलांत किंवा टायरांत असतो. थरकांप केवळ ब्रेक दाबतांना येत असेल, तर ब्रेकचें ड्रम किंवा डिस्क वांकडी झाली असेल. गाडी थरथरत नाहीं पण सरळ रस्त्यावर एका बाजूस भरकटते, तर तो कोनांचा किंवा स्टिअरिंगच्या खेळाचा दोष होय. खरी शिमी ती, जी एका धक्क्यानें सुरू होते व आपली आपण वाढत जाते.

ती वाढत कां जाते, हें समजून घेतल्यावांचून उपाय सुचणार नाहीं. फिरतें चाक हा एक मोठा भोंवराच आहे. वेगानें फिरणाऱ्या भोंवऱ्यास एका बाजूनें ढकललें, तर तो त्या बाजूस न पडतां काटकोनांत भलतीकडेच वळतो, हें मुलांनाही ठाऊक असतें. जीपचा पुढील ॲक्सल एकसंध असल्यानें एक चाक दगडावर चढलें कीं सबंध ॲक्सल तिरपा होतो. फिरतें चाक कललें कीं तें वरील नियमानें आपोआप डावीकडे वा उजवीकडे वळूं पाहतें. वळलें कीं टायर रस्त्यावर घांसून परत फेंकला जातो, आणि त्या उसळीनें ॲक्सल पुन्हां दुसरीकडे कलतो. झोपाळ्यास प्रत्येक झोक्याच्या तालावर हात लावीत गेल्यास झोका जसा वाढतो, तसेंच येथें घडतें. फरक एवढाच कीं, हात लावणारें बळ इंजिनापासूनच येत असतें. फ्रान्समध्यें ब्रूलिए या अभियंत्यानें १९२५ सालींच या प्रकारावर लेखन केलें होतें. पुढें १९३४ च्या सुमारास अमेरिकेंतील मोटारींत पुढील दोन चाकें परस्परांपासून स्वतंत्र करण्यांत आलीं, त्याच्या कारणांत ही थरथर हें एक मोठें कारण होतें. जीपनें मात्र एकसंध ॲक्सल सोडला नाहीं, कारण खाचखळग्यांत तोच अधिक टिकतो. म्हणून एकसंध ॲक्सलाच्या गाडीस ही प्रवृत्ति जन्मतःच आहे. सर्व सांधे घट्ट व कोन बरोबर असेपर्यंत ती दबून राहते, इतकेंच.

गाडी उंच केल्यानें काय बदलतें

गाडी दोन रीतींनीं उंच करतात : पाटे किंवा स्प्रिंग बदलून, आणि टायर मोठे घालून. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. पाटे उंच केल्यानें गाडीचें धड वर जातें; परंतु ॲक्सलाच्या मध्यावरील गड्डा, जो बांधावर प्रथम घासतो, तो एक सूतही वर येत नाहीं. तो फक्त मोठ्या टायरानेंच वर येतो, आणि तोही टायरच्या व्यासांतील वाढीच्या निम्म्यानें. जुन्या जीपचा ६.००-१६ चा टायर सुमारें अठ्ठावीस इंच व्यासाचा असतो. त्याऐवजीं एकतीस इंचांचा घातल्यास गड्डा दीड इंच उंच होतो. इतक्यासाठीं किती खटाटोप करावा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

मोठा टायर जड असतो. जड चाकाचा हेलकावा सावकाश असल्यानें पूर्वीं ज्या वेगाला कांहींच होत नव्हतें, त्या वेगाला आतां ताल जुळूं शकतो. अठ्ठावीस इंचांचें चाक ताशीं साठ किलोमीटर वेगानें जातांना सेकंदास सुमारें साडेसात फेरे घेतें. एकतीस इंचांचें पावणेसात. शिवाय रुंद टायरसाठीं बाहेर काढलेली रिम घातली, तर रस्त्याचा धक्का किंगपिनपासून अधिक लांबवर बसतो, म्हणजे तरफेचा दांडा लांब होतो. पूर्वीं जो थोडासा खेळ चाकाच्या धक्क्यास दाद देत नव्हता, तोच आतां थरथरीस पुरेसा होतो.

तिसरा बदल कोनांत होतो, आणि तोच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. त्याचा हिशेब पुढें दिला आहे.

तपासणीचा क्रम

पुढील क्रम सोडूं नये. स्वस्त व साध्या गोष्टी आधीं, महाग व किचकट नंतर, असा हा क्रम आहे. आणि आधींची पायरी चुकल्यास पुढची पायरी फसवी उत्तर देते.

(१) टायर व हवा. दोन्ही पुढील टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे व जवळजवळ सारखेच झिजलेले असावेत. हवा थंड टायरांत मोजावी व दोहोंत सारखी ठेवावी. चिखलांतून बाहेर पडण्यासाठीं हवा कमी केली असेल, तर महामार्गावर येण्यापूर्वीं ती भरून घेणें चुकवूं नये. टायरच्या पृष्ठभागावर खोलगट चट्टे पडले असतील किंवा कुशीस फुगवटा असेल, तर तो टायर पुढें वापरूं नये. पुढील टायर मागें व मागील पुढें घालून गाडी चालवून पाहावी. थरथर गेली किंवा तिचा वेग बदलला, तर दोष तेथेंच आहे असें समजावें.

(२) रिमच्या आंत वाळलेला चिखल. हें कारण शेतकऱ्याच्या गाडीसच विशेष लागू आहे. पावसाळ्यांत रिमच्या आंतल्या बाजूस एका ठिकाणीं गाळ बसून वाळतो. तो पावशेर-अर्धाशेर भरला तरी सेकंदास सात फेरे घेणाऱ्या चाकाचा तोल पार बिघडवितो. पुष्कळ थरथरी केवळ पाणी मारून, खराट्यानें रिम आंतून घासल्यानें थांबतात. त्यानंतरच चाकाचें बॅलन्सिंग करून घ्यावें. चिखलासकट केलेलें बॅलन्सिंग चिखल गळतांच उलटें पडतें.

(३) रिमचा वांक. चाक जॅकनें उचलून त्याशेजारीं वीट ठेवावी, विटेवर एक काडी रिमच्या कडेस जवळजवळ टेकेल अशी बसवावी, आणि चाक हातानें फिरवावें. काडी व रिम यांतील फट एक सुताहून अधिक कमीजास्त होत असेल, तर रिम वांकडी आहे.

(४) चाकाचें बेअरिंग व किंगपिन. चाक उचललेलें असतांनाच एका हातानें वरून व दुसऱ्यानें खालून धरून आंतबाहेर हालवावें. खेळ लागल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें व पुन्हां हालवावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला, तर तो चाकाच्या बेअरिंगाचा. ब्रेक दाबूनही राहिला, तर तो किंगपिनच्या बेअरिंगाचा. ही परीक्षा दोन मिनिटांची असून हिनें हजारों रुपयांचा व्यर्थ खर्च वांचतो.

किंगपिनविषयीं थोडें अधिक सांगावयास हवें, कारण एकसंध ॲक्सलाच्या गाडींत थरथरीचें मूळ बहुधा येथेंच असतें. जुन्या जीपमध्यें व १९८५ सालीं बाजारांत आलेल्या मारुति जिप्सींतही चाकाची वळणारी मूठ वर एक व खालीं एक अशा दोन निमुळत्या रोलर-बेअरिंगांवर फिरते. हीं बेअरिंगें नुसतीं बिनखेळाचीं असून भागत नाहीं; तीं पातळ पत्र्याच्या शिम कमीजास्त करून थोडीं दाबून बसवावीं लागतात. या दाबानें मूठ वळतांना किंचित् जड लागते, आणि तो जडपणाच थरथरीस मुळांत आंवर घालतो. मिस्त्रीनें टायरॉड सोडवून, मुठीस कांटा अडकवून, ती वळण्यास किती ओढ लागते हें मोजावें, आणि त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावें. शिम काढावयाच्या तर वरून व खालून सारख्या काढाव्या. बेअरिंगाच्या वाटींत रोलरांचे वळ उमटले असतील, तर शिम काढून उपयोग नाहीं, बेअरिंग बदलावें. खाडीच्या खाऱ्या पाण्यांतून किंवा खोल चिखलांतून गाडी जात असेल, तर मुठीचें सील फाटून आंत पाणी शिरतें, ग्रीस धुपून जातें व बेअरिंग गंजतें. गोराई-मनोरीसारख्या खाडीकांठच्या गाड्यांनीं हें सील दर पावसाळ्याअखेर उघडून पाहावें.

(५) टायरॉड, ड्रॅग लिंक व स्टिअरिंगचा डबा. येथें दोन माणसें लागतात. चाकें जमिनीवर टेंकलेलीं असावीं. एकानें स्टिअरिंग डावीउजवीकडे थोडें थोडें, झटक्यानें हालवीत राहावें. दुसऱ्यानें खालीं बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावें. एक बाजू हालते व दुसरी मागाहून हालते, असें जेथें बोटास लागेल तो सांधा झिजला आहे. अगदीं जुन्या जीपमध्यें दोन टायरॉड व मध्यें एक बेलक्रँक असते. तिच्या खिळीची झीज ही त्या गाड्यांची प्रसिद्ध खोड आहे. स्टिअरिंगचा डबा चासीस जेथें बोल्टांनीं बसविलेला असतो, तेथें चासीस चीर पडली आहे काय हेंही पाहावें. डब्याचा स्क्रू आंवळून सर्व दोष मिटविण्याचा मोह टाळावा. तो अति आंवळल्यास स्टिअरिंग वळणानंतर सरळ येत नाहीं व डबा लवकर निकामी होतो.

(६) पाटे, यू-बोल्ट व बुश. मधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल मागेंपुढें सरकतो. यू-बोल्ट सैल असतील तर तो गिरकी घेतो. बुश झिजले असतील तर सबंध ॲक्सलच आडवा हालतो. नवे पाटे बसविल्यावर कांहींशे किलोमीटर चालून यू-बोल्ट पुन्हां आंवळणें अत्यंत जरूर आहे. पाटे एकमेकांवर बसतात व बोल्टांची ताण उतरते.

(७) टो-इन. वरील सर्व खेळ काढल्यावरच पुढील चाकांचा आंत झुकाव, म्हणजे टो-इन, मोजावा. सांधे सैल असतांना मोजलेला टो-इन निरर्थक होय. घरीं मोजण्याची रीत अशी : दोन्ही पुढील टायरांच्या मध्यावर, मागील बाजूस, हबच्या उंचीवर खडूनें खूण करावी व दोन खुणांमधील अंतर टेपनें मोजावें. नंतर गाडी सरळ पुढें ढकलून त्याच खुणा समोरच्या बाजूस त्याच उंचीवर आणाव्या व अंतर पुन्हां मोजावें. समोरचें अंतर किंचित् कमी भरावें. विलीज जीपकरितां हा फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे एका सुताहूनही कमी सांगितला आहे. इतर गाड्यांस त्यांच्या पुस्तकांतील आंकडा घ्यावा.

कॅस्टरचा हिशेब

किंगपिन बाजूनें पाहिल्यास सरळ उभी नसते. तिचें वरचें टोंक किंचित् मागें कललेलें असतें. या कलास कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाऊं पाहते. विलीज जीपचा कॅस्टर तीन अंश आहे. तो फार कमी झाल्यास वळणानंतर चाकें आपलीं आपण सरळ येत नाहींत, गाडी भरकटते, आणि धक्क्यानें हाललेलीं चाकें जागेवर येण्यास बळ उरत नाहीं. उलट तो अतिशय वाढविल्यास स्टिअरिंग जड होतें व थरथरीस उलट जोर चढतो. म्हणून 'अधिक तितका चांगला' हा नियम येथें लागू नाहीं.

आतां उंच करण्याचा स्वस्त उपाय म्हणून लांब शॅकल बसवितात, त्याचें काय होतें तें पाहूं. जुन्या जीपमध्यें पुढील पाट्याचें शॅकल पुढच्या टोंकास असतें. पाट्याची लांबी सुमारें छत्तीस इंच धरली व शॅकल दोन इंचांनीं लांब केलें, तर गाडी ॲक्सलापाशीं फक्त एक इंच वर येते; परंतु पाट्याचें पुढचें टोंक चासीच्या मानानें दोन इंच खालीं गेल्यानें सबंध पाटा व त्यावरील ॲक्सल सव्वातीन अंशांच्या जवळपास पुढें वाकतो. म्हणजे एका इंचाच्या लाभासाठीं कंपनीनें दिलेला सगळा तीन अंशांचा कॅस्टर खर्चीं पडला! शिवाय ओझ्यासाठीं मागची बाजू पुढच्यापेक्षां दोन इंच अधिक उचलली, तर ऐंशी इंचांच्या चाकांतरावर आणखी सुमारें दीड अंश जातो. ज्या गाड्यांत शॅकल पाट्याच्या मागल्या टोंकास असतें, त्यांत हाच प्रकार उलट होऊन कॅस्टर वाढतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीस जो उपाय लागू पडला, तो आपल्या गाडीस पडेलच असें नाहीं. आधीं वांकून शॅकल कोणत्या बाजूस आहे तें पाहावें.

गेलेला कॅस्टर परत आणण्यासाठीं पाटा व ॲक्सल यांमध्यें पोलादी पाचर बसवितात. पाटा ॲक्सलाच्या खालून जात असेल तर पाचरीचें जाड टोंक पुढें यावें, वरून जात असेल तर मागें. दोन्ही बाजूंस अगदीं सारख्या अंशाच्या पाचरी असाव्या, आणि सेंटर बोल्ट पाचरींतून पार गेलेला असावा. ॲल्युमिनियमच्या पाचरी दाबाखालीं चेपतात, त्या घेऊं नयेत. मात्र पाचरीनें ॲक्सलाचें वरचें अंग मागें वळतांच गड्ड्याचें मागील तोंड खालीं जातें व पुढील प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढतो. पाचर मोठी झाली तर थरथर जाऊन त्याऐवजीं शाफ्टचा खडखडाट येतो. यास्तव तीन-चार अंशांहून अधिक दुरुस्ती लागत असेल, तर उंची कमी करणें हाच शहाणपणा समजावा.

उंची वाढल्यानें ड्रॅग लिंकही अधिक तिरपी होते. मग खड्ड्यांत पाटा दबला कीं चालकानें चक्र न वळवितां चाक वळतें, आणि तो झटका थरथरीस निमित्त होतो. उंची थोडी असेल तर हें निभावतें. तीन-चार इंचांवर गेल्यास पिटमन आर्म बदलण्यावांचून गत्यंतर नसतें.

स्टिअरिंग डँपर : औषध नव्हे, पट्टी

बाजारांत सर्वांत जास्त खपणारा उपाय म्हणजे स्टिअरिंग डँपर. तो शॉक ॲब्सॉर्बरसारखाच तेलाचा नळा असून टायरॉडची हालचाल मंद करतो. निरोगी गाडींत तो उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु किंगपिन ढिली असतां डँपर बसविणें म्हणजे ताप मुरडणारी पुडी देऊन जखम तशीच ठेवण्यासारखें आहे. नवा असेपर्यंत तो थरथर झांकतो. तोंवर झिजलेला सांधा आणखी झिजतो. आणि डँपरचें तेल गळलें कीं पूर्वींपेक्षां मोठी थरथर एकदम सुरू होते. वरील सातही पायऱ्या व कॅस्टर तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटीं डँपरचा विचार करावा. डँपर काढून ठेवूनही जी गाडी साठ किलोमीटरवर स्थिर चालते, तीच खरी दुरुस्त झाली.

कॉइल स्प्रिंगच्या व नव्या गाड्या

सुझुकीची जिम्नी, जी भारतांत २०२३ सालीं आली, तिचा पुढील ॲक्सल एकसंधच आहे. पण पाट्यांऐवजीं कॉइल स्प्रिंग असून ॲक्सल दोन लांब आर्मांनीं व एका आडव्या रॉडनें धरलेला आहे. ती उंच केल्यास आर्म खालीं झुकतात व कॅस्टर घटतो. येथें पाचर चालत नाहीं. सरकत्या छिद्राचे बुश किंवा बदललेले आर्म बसवावे लागतात. आडव्या रॉडचे बुश व बोल्ट हें तिच्या थरथरीचें ठळक ठिकाण आहे. बोल्टाचें छिद्र लंबगोल झालें असल्यास नुसता बोल्ट आंवळून भागत नाहीं.

महिंद्रची थार २०१० सालीं आली व २०२० सालीं तिचें नवें रूप निघालें. या नव्या थारचीं पुढील चाकें स्वतंत्र असल्यानें वर वर्णिलेला भोंवऱ्याचा प्रकार तींत तितकासा होत नाहीं. तींत थरथर आली तर बॉल जॉइंट, टायरॉडचीं टोकें, आर्मांचे बुश व चाकांचा तोल यांकडे पाहावें. आणि उंच केल्यावर अलाइनमेंट करून घेतल्यावांचून ती महामार्गावर नेऊं नये.

चालतां चालतां थरथर सुटल्यास

घाबरून जोराचा ब्रेक दाबूं नये. पुढील भागावर भार आला कीं थरथर बहुधा वाढते. वेग वाढवून ती 'पार करण्याचा' प्रयत्न तर मुळींच करूं नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, चक्र दोन्ही हातांनीं पक्कें धरावें पण त्याशीं झटापट करूं नये, अंगठे आऱ्यांत अडकवूं नयेत, आणि हलक्या ब्रेकनें वेग उतरवीत कडेस यावें. थांबल्यावर प्रथम चाकांचे नट, नंतर टायरॉडच्या टोकांच्या खिळी पाहाव्या. कांहीं निखळलेलें दिसल्यास गाडी चालवून नेऊं नये, ओढून न्यावी. कांहीं न आढळल्यास तीस किलोमीटरच्या आंत राहून घर गांठावें, व दोष सांपडेपर्यंत महामार्ग वर्ज्य करावा.

कायदा व खर्च

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें उत्पादकानें ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकांत दर्शविलेल्या रचनेशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ च्या निकालांत हें स्पष्ट केलें आहे, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही या मुद्द्यावर हरकत घेऊं शकते. तेव्हां उंची वाढविण्याचा बेत असल्यास आधीं आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारणा करावी. ज्यांनीं पूर्वींच गाडी उंच केली आहे, त्यांस मूळ उंचीवर परत येणें हा थरथरीवरील सर्वांत स्वस्त व कायदेशीर उपाय आहे, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. कंपनीच्या मापाचे पाटे व टायर, आणि चिखलासाठीं चांगल्या खांचांची जात, एवढ्यावर शेतींतील बहुतेक कामें निभावतात.

खर्चाच्या दृष्टीनेंही क्रमाचें महत्त्व आहे. हवा, चिखल काढणें, टायरांची अदलाबदल व टो-इन मोजणें यांस घरच्या श्रमापलीकडे कांहीं लागत नाहीं. शिम व ग्रीस यांस थोडें. बेअरिंगांस त्याहून अधिक. पाटे व आर्म यांस सर्वांत जास्त. जो शेवटाकडून सुरुवात करतो तो सर्व खर्च करूनही दोषापर्यंत पोंचत नाहीं.

शेवटीं, शेतकरी बंधूंनीं वर्षांतून दोन वेळां हें काम नेमून ठेवावें : एकदां रोहिणी लागण्यापूर्वीं, म्हणजे गाडी चिखलांत जाण्याआधीं, आणि एकदां दसऱ्यास, पावसाळा सरल्यावर. दसऱ्याच्या दिवशीं आपण अवजारांची व वाहनांची पूजा करतोंच. त्याच्या आदल्या दिवशीं रिम आंतून धुवून, चाक उचलून, ब्रेक दाबून खेळ पाहावा, यू-बोल्ट आंवळावे, किंगपिनचें ग्रीस बदलावें, टायरांची हवा मोजावी आणि केलेल्या कामाची तारीख एका वहींत टिपून ठेवावी. एवढी निगा ठेवल्यास गाडी महामार्गावरही, बैलगाडी ओळखीच्या वाटेवर चालावी, तशी सरळ चालेल.